फाइल कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी मागचे पन्नास बदल बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नागपुरातली तीन जणांची टीम, शाळांसाठी प्रवेश, फी, हजेरी आणि निकाल सांभाळणारं सॉफ्टवेअर, पायथन भाषेत आणि जँगो या तिच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं. तीन वर्षांत फाइल्स ३४० झाल्या. सगळं ‘कोअर’ नावाच्या एकाच ॲपमध्ये आहे. आत व्ह्यूज (स्क्रीनची मागणी घेऊन उत्तर देणारा कोड), सीरियलायझर्स (डेटा पाठवण्याच्या रूपात बदलणारा), सर्व्हिसेस (कामाचे नियम), युटिल्स (सामाईक छोटी फंक्शन्स) असे फोल्डर, आणि मॉडेल्सची, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांचं वर्णन करणाऱ्या क्लासची, एकच फाइल चार हजार ओळींची. एक सहकारी म्हणतो मांडणी हीच ठेवू, फक्त आवरून घेऊ. दुसरा म्हणतो फी, हजेरी असे विषयवार फोल्डर करू. नव्याने आलेल्या मुलाला साधी दुरुस्ती करायची तरी दोन दिवस फाइल्स शोधण्यातच जातात. योग्य मांडणी कोणती, आणि इतक्या उशिरा हात घालावा का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत दुसऱ्या सहकाऱ्याकडे झुकतं. पण नुसते विषयवार फोल्डर केल्याने काम होत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. म्हणून आधी कारण सांगतो.

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत करणाऱ्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या, एका शेठसाठी आम्ही सॉफ्टवेअर केलं होतं. माल आला की आवक नोंदवायची, लिलावाचा भाव टाकायचा, तोल घ्यायचा, मग शेतकऱ्याची हिशोबपट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशाचा कागद, काढायची आणि घेणाऱ्याकडून वसुली. जावामध्ये लिहिलं होतं, आणि तेव्हा सगळे करत तशीच मांडणी होती: एका पॅकेजात (जावामधल्या फोल्डरात) सगळे कंट्रोलर, म्हणजे स्क्रीनची मागणी घेणारे क्लास, दुसऱ्यात सगळ्या सर्व्हिसेस, तिसऱ्यात डेटाबेसशी बोलणारे क्लास. दिसायला सुरेख. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. शेठचा फोन आला, “भाऊ, अडत आता पट्टीतून कापायची नाही, घेणाऱ्याच्या बिलात लावायची.” एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी आम्हाला १४ फाइल्स उघडाव्या लागल्या. पट्टीचा कंट्रोलर, पट्टीची सर्व्हिस, छपाईचा नमुना, एसएमएसचा मजकूर, महिन्याचा अहवाल, खरेदीदाराचं बिल, जमाखर्चाची नोंद. पंधरावी फाइल नजरेतून सुटली. पट्टीची दुसरी प्रत काढण्याचा कोड वेगळ्याच पॅकेजात होता आणि तो अडत स्वतःच वेगळी मोजत होता. तीन आठवडे ज्या शेतकऱ्याने दुसरी प्रत मागितली त्याच्या हातात जुन्या नियमाने कापलेला हिशोब पडत होता. पैसे बरोबर दिले जात होते, कागद चुकीचा होता. बाजारात कागद चुकला की माणसावरचा विश्वास जातो, आणि तो शेठचा गेला असता, आमचा नाही. ही गोष्ट मला अजूनही लागते.

त्या प्रसंगानंतर फाइल्सच्या मांडणीकडे मी एकाच प्रश्नातून बघतो: बाहेरून एक बदल आला तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? जे एकत्र बदलतं ते एकत्र राहावं. फाइल कोणत्या जातीची आहे, व्ह्यू आहे की सर्व्हिस, हा प्रश्न त्यानंतरचा.

हा विचार माझा नाही. डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये एका शोधनिबंधात तो मांडला. त्यांनी एक छोटासा प्रोग्रॅम घेतला: ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून तिची रूपं तयार करायची, ती अकारविल्हे लावायची आणि छापायची. हाच प्रोग्रॅम त्यांनी दोन तऱ्हांनी तोडून दाखवला. पहिल्या तऱ्हेत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे: वाचणं, फिरवणं, लावणं, छापणं. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक असा निर्णय लपवलेला, जो पुढे बदलू शकतो, जसं की ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत. पहिल्या तऱ्हेत साठवण्याची पद्धत बदलली की जवळजवळ प्रत्येक तुकडा बदलावा लागतो, दुसऱ्या तऱ्हेत एकच. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण नवा प्रोजेक्ट सुरू करताना आपण अजूनही पहिल्याच तऱ्हेकडे जातो, कारण पायऱ्या डोळ्यांना दिसतात आणि पुढचे बदल दिसत नाहीत.

तुमच्याकडे मात्र तीन वर्षांचा इतिहास आहे, म्हणजे बदल दिसतात. गेल्या वर्षातली पन्नास कामं काढा. कमिट (गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातली एकेक नोंद) नव्हे, शाळांनी मागितलेली किंवा तुम्ही दुरुस्त केलेली कामं. गिट लॉगला नेम-ओन्ली हा पर्याय देऊन प्रत्येक कामात कोणत्या फाइल्स बदलल्या त्याची यादी करा आणि कोणत्या जोड्या पुन्हा पुन्हा एकत्र येतात ते मोजा. वहीवर केलंत तरी एक दुपार पुरते. मी हे अनेक प्रोजेक्टसाठी केलं आहे आणि दर वेळी काहीतरी अनपेक्षित निघालं आहे. तुमच्याकडे फीची पावती आणि प्रवेशाचा फॉर्म सतत एकत्र बदलत असेल, आणि हजेरीला कुणी दोन वर्षांत हातही लावला नसेल. मग हजेरीच्या सुंदर फोल्डरवर चर्चा करण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

इतवारीच्या बाजारात गेलात तर जातवार, म्हणजे प्रकाराप्रमाणे केलेल्या, मांडणीचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही पायाखाली येतात. तिथे किराणा ओळ वेगळी, सराफा ओळ वेगळी, लोहा ओळ वेगळी. ठोक घेणाऱ्याला ही सोय उत्तम आहे. त्याला फक्त लोखंड हवं, दहा दुकानांत भाव विचारायचा आणि निघायचं. पण घरी लग्न काढलेल्या माणसाला दागिने, भांडी, किराणा सगळंच हवं असतं, आणि त्याचा दिवस एका ओळीतून दुसऱ्या ओळीत फिरण्यात जातो. प्रोजेक्टमध्ये ठोक गिऱ्हाईक कधीतरीच येतं: डेटाबेस बदलायचा असेल, किंवा सगळ्या स्क्रीनचं रूप एकदम बदलायचं असेल, तेव्हा एकाच जातीच्या फाइल्स शेजारी असणं सोयीचं पडतं. रोज येणारं काम मात्र लग्नघराचं असतं. “दुसऱ्या अपत्याला फीत सवलत द्या” या एका मागणीला मॉडेल, नियम, स्क्रीन, पावती सगळं लागतं. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याची मांडणी चुकीची नाही. ती वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

म्हणून बाहेरचे फोल्डर विषयाचे करा: प्रवेश, फी, हजेरी, निकाल. आत गेल्यावर जातीप्रमाणे फाइल्स वेगळ्या ठेवायला हरकत नाही. फीच्या फोल्डरात हिशोबाचे नियम एका फाइलमध्ये, डेटाबेसचं काम दुसऱ्यात, स्क्रीन तिसऱ्यात. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि विषयवार म्हणून नियम, क्वेरी आणि एचटीएमएल एकाच फाइलमध्ये कोंबतात. सवलतीचा नियम डेटाबेस चालू न करता तपासता आला पाहिजे, इतकं वेगळेपण आत हवंच.

नियम बदलणाऱ्याची जागा विशेष जपा. तुमच्या क्षेत्रातली उदाहरणं घ्या. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत २५ टक्के जागांवर येणाऱ्या मुलांची फी पालकांकडून घ्यायची नसते. त्याबद्दल ‘जर’ लावलेल्या ओळी तुमच्याकडे किती फाइल्समध्ये आहेत ते शोधा. शाळा सुरू होण्याची तारीखही तशीच. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रात त्याआधी. तुमचे सगळे ग्राहक नागपूरचे असतील तर ही तारीख कोडमध्ये कुठे कुठे गृहीत धरली आहे हे पुण्याची पहिली शाळा आली की कळेल, आणि तेव्हा ते कळणं महाग पडेल. असा प्रत्येक निर्णय एकाच फाइलमध्ये असावा आणि बाकीच्यांनी तिला विचारावं.

आता युटिल्स. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या फोल्डरने होतं, आणि ते चांगल्या हेतूने होतं. कॉलेजात शिकवलेलं असतं की तोच कोड दोनदा लिहू नये. आमच्या मंडीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करणारं एक फंक्शन सामाईक फोल्डरात होतं. तोल तेच वापरत होता, पट्टीची रक्कमही तेच. शेठने पट्टी पूर्ण रुपयात मागितली. आमच्यातल्या एकाने ते फंक्शन बदललं, पट्टी तपासली, बरोबर आली. दुसऱ्या दिवशी काटोलकडच्या एका शेतकऱ्याने पावती पुढे केली. १२.४६ क्विंटलच्या जागी १२ छापलं होतं. त्याचे ४६ किलो संत्रे आमच्या एका ओळीने खाल्ले होते. दोन फंक्शन्स दिसायला सारखी होती, पण त्यांच्या बदलामागची कारणं वेगळी होती. तोलाचा नियम काट्यावरून ठरतो, रकमेचा नियम पेढीवरून. अशा वेळी कोड दोनदा लिहिलेला बरा. सामाईक फोल्डरात फक्त तेच ठेवावं ज्याचा तुमच्या धंद्याशी काही संबंध नाही, जे उद्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं चालेल. तुमचं युटिल्स उघडा आणि प्रत्येक फंक्शनला हा प्रश्न विचारा. बहुतेक फंक्शन्स फी किंवा निकालाच्या घरी परत जातील.

फोल्डर झाले की दुसरा आणि जास्त अवघड प्रश्न येतो: कोणी कोणाला ओळखायचं. विषयवार फोल्डर करूनही घोटाळा तसाच राहतो तो इथे. प्रवेशाची फाइल फीला बोलावते, फीची फाइल प्रवेशाला, आणि पायथन सांगतो की मॉड्यूल अर्धवटच तयार झालं आहे. मग कुणीतरी इम्पोर्टची, म्हणजे दुसरी फाइल बोलावणारी, ओळ फंक्शनच्या आत सरकवतो आणि गाडी चालू लागते. तुमच्या कोडमध्ये फंक्शनच्या आत लपवलेले इम्पोर्ट किती आहेत ते मोजा. एखाद-दुसरा चालतो. पंधरा-वीस असतील तर दिशा हरवली आहे. गो भाषेत अशी वर्तुळं कंपाइलच होत नाहीत, आणि इंटर्नल नावाच्या फोल्डरातला कोड त्या शाखेबाहेरच्या कुणाला बोलावता येत नाही. जावामध्ये क्लासच्या आधी पब्लिक लिहिलं नाही तर तो त्याच पॅकेजपुरता दिसतो. जातवार पॅकेजांचा एक मोठा तोटा हाच, की सर्व्हिस कंट्रोलरला दिसावी म्हणून पब्लिक करावी लागते आणि मग ती सगळ्यांनाच दिसते. पायथनमध्ये असं कुंपण भाषा देत नाही. इम्पोर्ट-लिंटर नावाचं साधन आहे. कोण कोणाला बोलावू शकतो हे त्यात लिहून ठेवा आणि प्रत्येक मर्जच्या वेळी, म्हणजे नवा कोड मुख्य कोडात मिसळताना, चालवा. तोंडी नियम सहा महिने टिकतो.

दिशा ठरवण्यासाठी आम्ही मालाच्या वाटेचा आधार घेतला. आवक, मग लिलाव, मग तोल, मग पट्टी, मग वसुली. पुढच्याने मागच्याला विचारावं, मागच्याला पुढच्याची खबर नसावी. आवकेच्या कोडला पट्टी नावाचं काही असतं हे माहीतच नको. तुमच्याकडे विद्यार्थ्याची वाट तशीच आहे. प्रवेश, मग फी आणि हजेरी, मग निकाल. प्रत्येक फोल्डराला एकच दार ठेवा. बाहेरच्यांनी त्या एका फाइलमधली फंक्शन्स वापरावीत, आतल्या मॉडेल्सना थेट हात लावू नये.

आणि उलट दिशेचं काम आलं तर? प्रवेश रद्द झाला की फी परत करायची आहे. प्रवेशाने फीला बोलावलं तर वर्तुळ झालं. इथे बरेच लोक जँगोचे सिग्नल वापरतात: एका फाइलने घटना जाहीर करायची, ऐकणाऱ्यांनी आपापलं काम करायचं. मी वापरत नाही. प्रवेशाची फाइल वाचणाऱ्याला कोण ऐकतंय हे दिसत नाही, आणि पैशाचा व्यवहार असा न दिसता होणं मला पटत नाही. मी तिसरी जागा करतो, तिला आम्ही ‘कामकाज’ म्हणतो. तिच्यात ‘प्रवेश रद्द करणे’ ही एक फाइल, ती प्रवेशाला सांगते, मग फीला सांगते, दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही नाही. ती दोघांना ओळखते, ते दोघे तिला ओळखत नाहीत. नव्या मुलाला प्रवेश रद्द झाल्यावर काय काय होतं हे विचारावं लागत नाही, ती फाइल वरून खाली वाचली की झालं.

नावांबद्दल माझा आग्रह आहे. शाळेतल्या बाई जो शब्द वापरतात तोच फोल्डरला द्या, रोमन लिपीत का होईना. आम्ही सुरुवातीला ‘सेटलमेंट’ आणि ‘इनवर्ड’ लिहायचो. शेठ पट्टी म्हणायचे, आम्ही मनात भाषांतर करायचो, आणि एकदा वसुलीलाच सेटलमेंट समजून बसलो. पट्टी, आवक, तोल अशी नावं दिल्यावर शेठचा फोन आणि फाइलचं नाव जुळू लागलं. मराठी शब्द रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जातात, म्हणून रीडमीमध्ये शब्दांची यादी आणि ठरलेलं स्पेलिंग ठेवा. ‘मॅनेजर’, ‘हेल्पर’, ‘प्रोसेसर’ ही शेपटं टाळा, त्यांच्यात काहीही मावतं.

बाकीचं पटकन सांगतो. फाइल किती ओळींची असावी याला आकडा नाही, एकाच विषयाच्या सातशे ओळी मला चालतात, तीन विषयांच्या दोनशे नाही. टेस्ट कुठे ठेवायच्या ते भाषेच्या रिवाजाप्रमाणे, जँगोमध्ये त्या-त्या ॲपजवळ. फाइलची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतो, आणि लॅपटॉपवर सापडलेली टेम्प्लेटची फाइल सर्व्हरवर सापडत नाही. प्रोजेक्टमध्ये वीसच फाइल्स असतील तर कुठलेच फोल्डर नकोत. पुढे लागतील म्हणून रिकामे फोल्डर करून ठेवू नका.

आता हात कसा घालायचा. तुमची चार हजार ओळींची मॉडेल्सची फाइल आधी फोडा, पण ॲप बदलू नका. ‘मॉडेल्स’ नावाचं फोल्डर करा, आत विषयवार फाइल्स, आणि त्या फोल्डरच्या इनिट फाइलमध्ये सगळी मॉडेल्स इम्पोर्ट करा. बाकीच्या कोडला फरक कळत नाही आणि डेटाबेसला तर नाहीच. मॉडेल दुसऱ्या ॲपमध्ये नेणं ही वेगळी गोष्ट आहे. जँगो टेबलचं नाव ॲपच्या नावावरून बनवतो. मॉडेल हलवलं की तो नवं टेबल मागतो आणि जुनं पुसायला निघतो. टेबलचं जुनं नाव मॉडेलच्या मेटा भागात स्पष्ट लिहावं लागतं, मायग्रेशनमध्ये (टेबलांतले बदल करणाऱ्या फाइलमध्ये) जँगोची नोंद आणि खरा डेटाबेस वेगळे हाताळावे लागतात, शिवाय परवानग्यांच्या नोंदी जुन्या ॲपच्या नावाला चिकटलेल्या असतात. म्हणून आधी नियम आणि स्क्रीन हलवा, मॉडेल्स सगळ्यांत शेवटी. काही मॉडेल्स कोअरमध्येच राहिली तर राहू द्या. फीचा हिशोब फीच्या फोल्डरात असला आणि टेबलचं नाव जुनं असलं तर कुणाचं अडत नाही.

फाइल हलवण्याचा कमिट फक्त हलवण्याचा ठेवा. गिट फाइलचं नाव बदलल्याची वेगळी नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून अंदाज करतो, आणि साम्य निम्म्याखाली गेलं की त्याला जुनी फाइल पुसली आणि नवी आली असंच दिसतं. हलवताना सुधारणाही केली की ती ओळ कुणी आणि का लिहिली हा इतिहास शोधणं अवघड होतं. आधी हलवा, इम्पोर्टच्या ओळी दुरुस्त करा, टेस्ट चालवा, कमिट करा. सुधारणा दुसऱ्या दिवशी. त्या वेळी कुणाची मोठी ब्रँच, म्हणजे मुख्य कोडात अजून न मिसळलेलं काम, उघडी नको.

वेळही निवडा. जून-जुलैत प्रवेश आणि फी जोरात असताना नाही, दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही मे महिना धरला होता. अंबिया बहाराची आवक डिसेंबरपर्यंत ओसरते, मृग बहाराची एप्रिलपर्यंत, त्यानंतर शेठच्या आडतीवर संत्र्याचं काम शांत असतं आणि एखादा दिवस पट्टी उशिरा निघाली तरी चालतं.

उशीर झाला का, हे तुमचं शेवटचं विचारणं. आमच्याकडे तेव्हा सहाशेच्या वर फाइल्स होत्या. सगळं एकदम हलवायचा बेत होता, तो मी थांबवला. जी जागा सर्वांत जास्त बदलत होती ती आधी घेतली, म्हणजे पट्टी. तिला दोन आठवडे लागले. मग असा नियम केला की ज्या विषयात नवं काम येईल तोच विषय त्या कामाआधी हलवायचा. वसुली दिवाळीत गेली, तोल पुढच्या वर्षी. तुम्ही फीपासून सुरुवात करा, पन्नास कामांच्या यादीत दुसरं काही वर आलं नाही तर. आमची आवक अजूनही जुन्याच पॅकेजांत विखुरलेली आहे. तिथे इतक्या वर्षांत बदल मागणारा एकही फोन आलेला नाही.